लाटांच्या लाकडाचा वाडगा: उचकटलेली रेषा, काळपट डाग आणि पॉलिश

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लाटांची रेषा असलेल्या मेपलचा दहा इंची वाडगा कातला. समोरासमोरच्या दोन जागी रेषा उचकटली (तंतू कापले न जाता उपटले गेले), ती पॉलिशपेपरने घासून काढली, जवसाच्या तेलाचे दोन हात दिले आणि आता त्याच दोन जागा काळपट, मळकट दिसतात. शिवाय लाटा दोन बाजूंच्या भिंतींवर छान दिसतात, तळाशी मात्र विरून जातात. तर कोणतं तेल किंवा पॉलिश घ्यावं?

पॉलिशचा डबा बदलून यातलं फारसं काही बदलणार नाही. तुमच्या तक्रारींचं मूळ आधीच्या कामात आहे: ठोकळा ओंडक्यातून कसा काढला, वाडग्याला आकार कोणता दिला आणि शेवटचा काप कसा घेतला. पॉलिशबद्दलही सांगतो, पण त्याची पाळी आल्यावर.

आधी त्या लाटा दिसतात कशा ते बघू. मेपलच्या या लाकडात रंगाचे पट्टे नसतातच. तंतू सरळ न वाढता नागमोडी वाढलेले असतात. असा नागमोडी गठ्ठा सपाट कापला की काही जागी तंतू आडवे पडलेले मिळतात, तिथून प्रकाश परत फिरतो आणि पट्टा उजळ दिसतो. शेजारीच तंतू आत वळलेले असतात, त्यांच्या नळ्यांची तोंडं वर येतात, प्रकाश आत शिरून अडकतो आणि पट्टा गडद दिसतो. वाडगा हातात फिरवा, उजळ आणि गडद पट्टे जागा बदलतील. रंगाचा पट्टा असता तर तो हलला नसता.

यातून कामाच्या दोन गोष्टी निघतात. एक, तंतू स्वच्छ कापला गेला तरच तो आरशासारखा वागतो. उपटलेला, चुरगळलेला तंतू प्रकाश सगळीकडे उधळतो आणि वरून काहीही लावलं तरी ती जागा मंदच राहते. दोन, लाट उठून दिसायला पारदर्शक थर लागतो, पण तो कशाचा याला तुम्ही समजता तेवढं महत्त्व नाही. लाकडाच्या पेशीभिंतीचा अपवर्तनांक साधारण 1.5, हवेचा 1. कोरड्या लाकडावर या फरकामुळेच प्रकाश वरच्यावर विखुरतो. जवसाचं तेल, चपडी (लाखेचं पॉलिश), व्हार्निश या सगळ्यांचा अपवर्तनांक 1.5 च्या आसपासच आहे, म्हणून यातलं काहीही लावलं तरी नजर आत शिरते. खात्री करायची तर घासलेल्या लाकडावर स्पिरिटचा बोळा फिरवा. तेवढ्यापुरती जी चमक दिसेल, तीच जवळपास तुमची शेवटची चमक. स्पिरिटखाली जी जागा मळकट दिसते ती पॉलिशखालीही मळकटच राहणार, आणि ते कळायची योग्य वेळ तेलाआधीची.

आता ठोकळा. अर्धा ओंडका घ्यायचा, सपाट बाजूला काठ आणि सालीकडे बूड ठेवायचं, अशीच बहुतेकांची सुरुवात होते. मेपलसारख्या लाकडातल्या लाटा गाभ्यातून सालीकडे जाणाऱ्या उभ्या पातळीत सगळ्यात ठळक दिसतात. अर्ध्या ओंडक्याच्या वाडग्यात ही पातळी समोरासमोरच्या दोन भिंतींवर येते. तळाला येते ती वाढीच्या वलयांना स्पर्शून जाणारी पातळी, तिथे लाटा पुसट होतात. उरलेल्या दोन भिंतींवर एंडग्रेन, म्हणजे तंतूंची कापलेली टोकं. तुम्ही वर्णन केलेला वाडगा तंतोतंत असाच आहे.

लाटा तळाला हव्या असतील तर ठोकळा असा काढावा लागतो की वलयं काठाच्या पातळीला काटकोनात उभी राहतील. त्यासाठी ओंडका जाडजूड हवा, कारण पाव भागातूनच पूर्ण रुंदी काढायची असते. पसरट, उथळ थाळीसारखा आकार करायचा असेल तर मी असाच ठोकळा घेतो, कारण तिथे दिसतो तो सगळा तळच. खोल वाडग्याला अर्ध्या ओंडक्याची पद्धत बरी, भिंती चमकतात. बर्ड्स-आय (डोळ्यांसारखे ठिपके) किंवा गादीसारखी फुगवट्यांची नक्षी असलेल्या लाकडाचं बरोबर उलट असतं, ती नक्षी वलयांना स्पर्शणाऱ्या पातळीत खुलते. करवत लावण्याआधी हे ठरलं नाही, तर पुढे लेथवर त्याला इलाज नाही.

आकाराबद्दल माझं मत ठाम आहे. अंगची नक्षी असलेल्या लाकडाला साधा, उघडा, एकाच वळणाचा आकार द्यावा. खाचा, गोल पट्ट्या, उभ्या भिंती टाळाव्यात. हे निव्वळ आवडीनिवडीवर सोडण्यासारखं नाही. उभ्या भिंतीत एंडग्रेनच्या जागी तंतू अगदी काटकोनात कापले जातात, सगळ्या नळ्यांची तोंडं उघडी पडतात आणि ती तेल पाण्यासारखी पितात. काळपटपणा येतो तो तिथूनच. भिंत बाहेर कलती ठेवली की तेच तंतू तिरके कापले जातात, तोंडं कमी उघडतात, डाग सौम्य होतो आणि कापही स्वच्छ येतो. पुढचा वाडगा कलत्या भिंतीचा करून बघा.

लाकूड ओलं असेल तर दोन टप्प्यांत काम करावं. पहिल्यांदा व्यासाच्या एक दशांश जाडीचा कच्चा वाडगा काढायचा, म्हणजे 250 मिलिमीटरला 25 मिलिमीटर. तळाचा टेनन, म्हणजे लेथच्या पकडीत धरायची गोल खुंटी, ठेवायचा, एंडग्रेनला आतून-बाहेरून मेण फासायचं आणि वारा न लागणाऱ्या जागी ठेवून अधूनमधून वजन करायचं. वजन उतरायचं थांबलं की वाळला. एक दशांशचा हिशेब असा: साखरी मेपल पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत वलयांच्या कडेकडेने सुमारे 10 टक्के आकसतं, गाभ्याकडून सालीकडे सुमारे 5 टक्के, आणि तंतूंच्या लांबीत जवळजवळ नाहीच. घरातल्या हवेत ते पूर्ण कोरडं होत नाही, त्यामुळे यातला दोन तृतीयांश भाग धरा. 250 मिलिमीटरचा गोल वाडगा एका दिशेने 16-17 मिलिमीटर अरुंद होऊन लंबगोल होतो. पुन्हा गोल करताना प्रत्येक बाजूला आठेक मिलिमीटर जाणार, वर लाटांच्या लाकडाचं वेडंवाकडं मुरडणं आलंच. 25 च्या खाली गेलात तर शेवटी भिंत उरत नाही. टेननही लंबगोल होतो. तो आधी खरा करून घ्या, नाहीतर चकमध्ये (लेथच्या पकडीत) दोनच जबडे धरतात.

आता मुख्य विषय, शेवटचा काप.

वाडग्यात तंतू लेथच्या अक्षाला काटकोनात असतात. त्यामुळे एका फेऱ्यात धारेसमोर दोनदा बाजूची रेषा येते आणि दोनदा एंडग्रेन. मधल्या दोन पाव भागांत तंतू धारेला उलटे मिळतात, म्हणून उचकटलेल्या जागा नेहमी समोरासमोर दोन. बाहेरून कापताना बुडाकडून काठाकडे आणि आतून कापताना काठाकडून तळाकडे जायचं, हा नियम तुम्हाला ठाऊक असेलच. असं केलं की कापल्या जाणाऱ्या तंतूला खालच्या लांब तंतूचा आधार मिळतो. सरळ रेषेच्या लाकडात एवढं पाळलं की भागतं. लाटांच्या लाकडात प्रत्येक लाटेला चढ आहे आणि उतारही, तेव्हा दिशा कुठलीही धरा, काही तंतू उलटेच भेटणार. दिशेच्या जोडीला धार, कापाची जाडी आणि धारेचा तिरकेपणा हे तिन्ही लागतात.

धार शेवटच्या कापाआधी नव्याने लावायची. मघाशी लावलेली चालत नाही. 55 ते 60 अंशांचा बेव्हल (धारेमागचा उतार) असलेला बाऊल गाउज, म्हणजे वाडगा कातायची पन्हळी पटाशी, बाहेरच्या बाजूला आणि आतल्या भिंतीला पुरतो. तळाच्या वळणावर मात्र तोच गाउज काठाला अडतो, बेव्हल लाकडाला टेकत नाही आणि धार नांगरासारखी घुसते. तिथे 70 अंशांच्या आसपासचा बोथट दिसणारा गाउज घ्या. दोन्हींच्या बेव्हलची मागची टाच घासून गोल करून टाका. हे बारीक काम पुष्कळजण सोडून देतात. टाच धारदार राहिली तर आतल्या वळणावर ती लाकूड दाबत जाते आणि चकचकीत गोल रेघा पाडते. कोऱ्या लाकडावर त्या दिसत नाहीत, पॉलिशखाली हमखास उठतात.

दहा इंची वाडग्याला मिनिटाला 600 ते 900 फेरे ठीक. इंचांतला व्यास गुणिले फेरे 6,000 ते 9,000 च्या दरम्यान ठेवायचे, असा एक सोपा हिशेब आहे. ठोकळा ओबडधोबड असेल तर यापेक्षा बराच कमी वेग ठेवा, चेहऱ्यावर पूर्ण ढाल घ्या आणि लेथ सुरू करताना ठोकळ्याच्या रेषेतून बाजूला उभे राहा. बेव्हल लाकडावर टेकलेला असावा, दाबलेला नसावा. दाबला की तो एंडग्रेनच्या कडकपणावर उड्या मारायला लागतो आणि भिंतीवर गोगलगाईच्या वाटेसारखे वळसे उमटतात. ढलपी कागदाइतकी पातळ. पुढे सरकण्याचा वेग निम्मा करा, मग आणखी निम्मा. आवाजाकडे लक्ष ठेवा: एकसारखा सुस्कारा येत असेल तर काप होतोय, टकटक येत असेल तर तंतू तुटतायत.

आतून भिंत काढताना काठापासून दोन-तीन सेंटिमीटरचा पट्टा शेवटच्या जाडीला आणायचा, स्वच्छ करायचा आणि मग त्याकडे परत फिरकायचं नाही. भिंत पातळ झाली की ती थरथरते, शिवाय लाकडातला ताण मोकळा होऊन काठ थोडा वाकडा होतो. खालचं काम संपवून पुन्हा काठावर गाउज लावणं म्हणजे वाडगा फेकायची तयारी. या मापाला मी 7-8 मिलिमीटर भिंत ठेवतो. त्याहून पातळ दिसायला सुंदर, पण लाटांच्या लाकडात तंतू आरपार तिरके गेलेले असतात, तिथे भिंत कमजोर असते.

एवढं करूनही त्या दोन जागा थोड्या खरखरीत राहतील. बाहेरच्या बाजूला तिरक्या स्क्रेपरने (खरवडायच्या हत्याराने) शेवटचा हात फिरवा. स्क्रेपर सपाट न धरता धार साधारण 45 अंशांत कलती ठेवायची, मूठ खाली. नीट जमलं की भुसा न पडता पिंजल्यासारखे मऊ धागे निघतात. भुकटी पडत असेल तर धारेवरची बर (ग्राइंडरने उठलेली बारीक कोर) गेलेली असते, ती काही सेकंदांतच जाते, पुन्हा ग्राइंडरवर न्या. आतल्या तळाला तिरका स्क्रेपर धोक्याचा. तिथे दोन्ही बाजूंनी उतार दिलेला निगेटिव्ह रेकचा स्क्रेपर वापरा आणि केसाइतकंच काढा. सपाट धरलेला साधा स्क्रेपर एंडग्रेनवर अजिबात नको, तो तंतू ओढून काढतो.

तरीही हट्टी जागा उरली तर तिथे पातळ चपडी लावा, सुकू द्या आणि ताज्या धारेने एकच हलका काप घ्या. चपडीने सुटे तंतू ताठ होतात आणि उपटण्याऐवजी कापले जातात.

पॉलिशपेपर. काप स्वच्छ असेल तर 150 किंवा 180 नंबरपासून (नंबर जेवढा मोठा, तेवढा पेपर बारीक) सुरू करता येतं. 80 हातात घ्यावासा वाटला की पेपर ठेवा आणि गाउजला धार लावा. खोल उचकटलेली रेषा पेपरने काढायची तर तिच्या भोवतालचं सगळं लाकूड त्या खोलीपर्यंत उतरवावं लागतं. नाही उतरवलं तर खालचे चुरगळलेले तंतू तिथेच राहतात आणि तेल पिऊन काळे होतात. तुमच्या दोन डागांचं अर्धं कारण हे, उरलेलं अर्धं एंडग्रेनचं.

लेथ 300-400 फेऱ्यांवर, ड्रिलला मऊ पॅड आणि 180, 240, 320, 400 असा क्रम ठेवा. एकही पायरी गाळू नका. प्रत्येक पायरीनंतर धूळ उडवा, नाहीतर मागच्या पेपरचा एखादा कण पुढे ओरखडे काढत राहतो. लेथ बंद करून हातदिवा अगदी आडवा धरा, गोल ओरखडे लगेच दिसतात. पेपर बोटांना चटका देत असेल तर लाकडालाही देतो, आणि त्या उष्णतेने एंडग्रेनवर केसासारख्या भेगा पडतात, ज्या पॉलिशनंतरच कळतात. 240 नंतर ओलसर फडकं फिरवून उठलेले तंतू सुकू द्या आणि मग 320 लावा. एंडग्रेनच्या दोन जागा मात्र लेथ थांबवून हाताने एक पायरी पुढे, 600 पर्यंत न्या. तोंडं थोडी बंद होतात आणि तेल कमी ओढतात. काम करताना मास्क हवाच, तोही नीट बसणारा. लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 पासून माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात धरलं आहे. शिसवासारख्या लाकडांची धूळ तर काहींच्या कातडीला आणि श्वासाला लगेच त्रास देते.

आता पॉलिश. मेपलसारख्या फिकट लाकडाला मी जवसाचं तेल पहिल्या थरात लावत नाही. ते काळानुसार पिवळं पडत जातं आणि उजळ-गडद पट्ट्यांमधला फरक बुजवतं. मी मेण काढलेली, फिकट रंगाची चपडी पातळ करून घेतो, एक लिटर स्पिरिटला साधारण 120 ग्रॅम. पहिला हात सगळीकडे, एंडग्रेनवर लगोलग दुसरा. सुकल्यावर 400 ने हलकं घासायचं. एंडग्रेनची तहान इथे भागते, मग पुढचा थर सगळीकडे सारखा बसतो. त्यावर चपडीचेच चार-पाच पातळ हात दिले तर नुसत्या शोभेच्या वाडग्याला आणखी काही नको. चपडीला ओल्या भांड्याचे पांढरे डाग पडतात, स्पिरिटने ती विरघळते आणि उष्णतेने मऊ होते, म्हणून वापरातल्या वाडग्याला तिच्यावर तेल-व्हार्निशचं मिश्रण चढवतो.

अक्रोड, शिसव अशा गडद लाकडांना उलट आधी तेलच द्यावं, त्यांच्यात पिवळेपणा दिसत नाही आणि खोली चांगली येते. तेल भरपूर लावा, पंधरा-वीस मिनिटं मुरू द्या आणि मग कोरड्या फडक्याने सगळं पुसून काढा. चिकट थर राहिला तर तो आठवडाभर चिकटच राहतो. तासाभराने पुन्हा बघा, छिद्रांतून तेल परत वर येतं, तेही पुसा. दोन हातांमध्ये किमान एक दिवस जाऊ द्या. आणि तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं आणि चुरगळलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. ती बाहेर मोकळी पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवा.

शेवटी मेण हवं असेल तर कार्नौबा, फिरत्या कापडी चाकावर. ते 80 अंशांच्या वर वितळतं, मधमाश्यांचं मेण साठीतच, म्हणून कार्नौबावर बोटांचे ठसे कमी उमटतात. जाड, काचेसारखा लॅकरचा थर मला लाटांच्या लाकडावर बघवत नाही. वरचा झगमगाट आतली हालचाल झाकतो. गिटार आणि व्हायोलिनवर काळा डाय लावून, घासून काढून लाटा ठळक करतात, ते तुम्ही पाहिलं असेल. तिथे फळी एकाच पातळीची असते. वाडग्यात एंडग्रेन तो डाय खोल पितं आणि घासून निघत नाही, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका.

तुमचा आत्ताचा वाडगा. टेनन अजून असेल आणि भिंत 9-10 मिलिमीटर असेल तर तो वाचतो. तेल पूर्ण सुकायला तीन-चार आठवडे द्या, ओलसर तेलावर पेपर लगेच बुजतो. मग पुन्हा चकवर चढवा. तो थोडा हललेला असेल, म्हणून आधी टेनन तपासा. ताज्या धारेने बाहेरून आणि आतून प्रत्येकी अर्धा मिलिमीटर काढा, तिरका स्क्रेपर, 180 पासून पेपर, स्पिरिटचा बोळा. डाग तिथेच दिसला तर आणखी एक काप. गेला तर चपडी. टेनन कापून टाकला असेल तर लाकडी ठोकळ्याला वाडग्याच्या आतल्या आकाराचा उंचवटा कातून त्यावर वाडगा उलटा बसवा आणि टेलस्टॉकने (लेथच्या समोरच्या टोकाच्या आधाराने) दाबून धरा. बाहेरची बाजू अशी सुधारता येते. आतली येत नाही. तिथे ड्रिलच्या पॅडने जेवढं होईल तेवढं करा, आणि तेल चढलेलंच आहे तर त्या दोन जागी नुसती पातळ चपडी देऊन बाकी वाडग्यावर तेलाचा आणखी एक हात द्या. डाग जाणार नाही, पण भोवतालचं लाकूड थोडं गडद होऊन तो कमी बोचेल.